परदेशी शिक्षण : आधी अभ्यासक्रम, मग देश

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी सभासदांच्या घरी उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी चालकमंडळींची इच्छा दिसली. आदिलाबादेत शिक्षकाला पालक हल्ली वरचेवर जो प्रश्न विचारतात, त्याचेच उत्तर या लेखात देण्याचे योजिले आहे. प्रश्न असा असतो : "सर, मुलाला बाहेर पाठवायचे म्हणतो. कोणता देश बरा?" एका पिढीपूर्वी 'बाहेर' या शब्दाचा अर्थ हैदराबाद, वरंगळ, फार तर नागपूर एवढाच होता. आज त्याच शब्दात अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, जॉर्जिया हे सारे देश मावतात. मनोरथांची ही वाढ आनंदाचीच आहे. परंतु प्रश्नाची मांडणी उलटी आहे, असे नम्रपणे सांगावेसे वाटते. मुलगा किंवा मुलगी देश शिकायला जात नाही, एक विशिष्ट अभ्यासक्रम शिकायला जाते. त्या अभ्यासक्रमाचे नाव काय, तो किती वर्षांचा, आपल्या पाल्याला त्यात प्रवेश मिळण्याजोगा आहे काय, आणि तो पुरा केल्यावर येथे त्याची किंमत काय, हे ठरविल्यावाचून देश निवडणे म्हणजे गाडीत बसल्यावर ती कोठे जाते हे विचारण्यासारखे होय.

या निवडीत चूक झाली तर नुकसान एकट्या विद्यार्थ्याचे होत नाही. त्यामागे कोणाची दोन-तीन एकर कापसाची जमीन असते, कोणाच्या आईचे दागिने असतात, कोणाच्या बहिणीचे लांबणीवर टाकलेले लग्न असते, आणि ट्रस्टने मदत केली असेल तर आपणा सर्वांच्या वर्गणीचा पैसाही असतो. म्हणून हा विषय घराघरात नीट समजला पाहिजे.

पूर्वसुरींचे उदाहरण

परदेशी शिक्षण ही आपल्या मुलखाला नवी गोष्ट नाही. हैदराबाद संस्थानातील आधुनिक शिक्षणाचा पाया घालणारे अघोरनाथ चट्टोपाध्याय हे एडिंबरो विद्यापीठाचे डॉक्टर ऑफ सायन्स होते. त्यांची कन्या सरोजिनी, जी पुढे सरोजिनी नायडू म्हणून देशाला माहीत झाली, १८९५ साली निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेली आणि लंडनचे किंग्ज कॉलेज व केंब्रिजचे गर्टन कॉलेज येथे शिकली.

परंतु अभ्यासक्रम कसा निवडावा व तो कसा तडीस न्यावा, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांनी अर्थशास्त्र हा मुख्य विषय धरला आणि त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचा अभ्यास केला. ज्या समाजाचे प्रश्न सोडवायचे होते त्या समाजाला समजून घेण्याची ही साधने होती. १९१५ साली ते एम.ए. झाले व १९१६ साली लंडनला गेले. तेथे अभ्यास ऐन रंगात आला असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. परंतु परतण्यापूर्वी, चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा शिल्लक टाकला, शाहू महाराजांची मदत व मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. व १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याचा अभ्याससुद्धा पैशावाचून अडतो, आणि परत येण्याची वाट आधीच मोकळी ठेवली असेल तर अडलेला अभ्यास पुरा होतो, या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रातून पालकांनी घेण्यासारख्या आहेत.

पायऱ्या कोणत्या आणि माप कोणते

परदेशी विद्यापीठांतील अभ्यासक्रमांच्या तीन मुख्य पायऱ्या आहेत : पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन. या पायऱ्या मोजण्याचे माप म्हणजे 'क्रेडिट'. किराणा दुकानात जसा किलो, तसे विद्यापीठात क्रेडिट. विद्यार्थ्याने किती अभ्यास केला त्याचे ते वजन होय. मात्र हे माप देशोदेशी निराळे आहे. एका पूर्ण वर्षाचा अभ्यास युरोपात ६० क्रेडिटांचा, इंग्लंडात १२० क्रेडिटांचा व अमेरिकेत सुमारे ३० क्रेडिटांचा धरतात. म्हणून कोणी "आमच्या अभ्यासक्रमाला जास्त क्रेडिटे आहेत" असे सांगू लागला तर भुलून जाऊ नये. प्रथम माप कोणते ते विचारावे.

इंटरमीडिएट झाल्यावर जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी पहिली पायरी पदवीची. इंग्लंडात ती बहुधा तीन वर्षांची, स्कॉटलंडात व अमेरिकेत चार वर्षांची असते. अमेरिकेत आरंभी भाषा, गणित, इतिहास असे सर्वसाधारण विषय शिकवितात आणि मुख्य विषय पुढे ठरविण्याची मुभा पुष्कळ ठिकाणी असते. तेथील कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे कमी खर्चात शिकून मग विद्यापीठात जाण्याचीही वाट आहे. इंग्लंडातील काही विद्यापीठे इंटरमीडिएटच्या गुणांवर थेट प्रवेश देतात, काही एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम आधी करावयास लावतात. ते एक वर्ष व त्याचा खर्च हिशेबात धरला पाहिजे.

जर्मनीचा नियम याहून कडक आहे. आपल्याकडील बारावी तेथे थेट प्रवेशास सामान्यतः पुरेशी मानीत नाहीत. भारतातील मान्य विद्यापीठात एक वर्षाचा अभ्यास यशस्वीपणे केलेला असावा, किंवा आय.आय.टी.साठीची जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड परीक्षा उत्तीर्ण असावी, नाही तर तेथे जाऊन 'श्टुडिएनकोलेग' नावाचा तयारीचा वर्ग पुरा करावा लागतो. शिवाय पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन भाषेतून असतात. "जर्मनीत फी नाही" एवढेच ऐकून निघालेल्या मुलाला ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही.

दुसरी पायरी पदव्युत्तर अभ्यासक्रमाची. इंग्लंडात तो बहुधा एक वर्षाचा, अमेरिकेत व जर्मनीत सामान्यतः दोन वर्षांचा. येथे आपल्या मुलांपुढे दोन अडचणी उभ्या राहतात, आणि त्या आधी माहीत असल्या तर टाळता येतात.

पहिली अडचण तीन वर्षांच्या पदवीची. आपल्या महाविद्यालयांतून बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याची शाळेपासून एकूण पंधरा वर्षे होतात. अमेरिकेतील कित्येक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. काही तीन वर्षांची पदवी चालवून घेतात, काही येथील एम.ए., एम.एस्सी. किंवा एक जादा वर्ष करून येण्यास सांगतात. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांच्या पदवीधरास हा अडथळा येत नाही. म्हणून अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठाला पत्र लिहून "माझी अमुक पदवी चालेल काय" हा एकच प्रश्न विचारावा व उत्तर लेखी घ्यावे.

दुसरी अडचण विषयाच्या नात्याची. जर्मनीत बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रम पहिल्या पदवीच्या विषयाशी जुळणारे असावे लागतात. बी.कॉम. झालेला विद्यार्थी संगणकशास्त्राच्या एम.एस्सी.साठी अर्ज करील तर त्याची गुणपत्रिका तपासून, गणिताचे व संगणकाचे क्रेडिट पुरेसे नाहीत, असे कळविले जाते. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी आपली प्रमाणपत्रे आधी ए.पी.एस. या कार्यालयाकडून तपासून घ्यावी लागतात. हा नियम नोव्हेंबर २०२२ पासून लागू आहे.

तिसरी पायरी पीएच.डी.ची. आपल्याकडे असा समज आहे की शिक्षण जितके उच्च तितका खर्च अधिक. विज्ञान व इंजिनिअरिंग या शाखांत परदेशी पुष्कळदा याच्या उलट असते. अमेरिकेत संशोधन करणाऱ्याला खालच्या वर्गांना शिकविण्याच्या किंवा प्रयोगशाळेतील कामाच्या मोबदल्यात फी माफ होते व निर्वाहवेतन मिळते. जर्मनीत संशोधक पुष्कळ वेळा पगारी नोकरच असतो. हुशार पण गरीब मुलाने येथेच चांगली एम.एस्सी. करून मग बाहेर जाण्याचा विचार करावा, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

आणखी एक गोष्ट. कॅनडातील 'कॉलेज' व 'विद्यापीठ' या दोन निराळ्या वस्तू आहेत. कॉलेजातून बहुधा डिप्लोमा मिळतो, आणि डिप्लोमा म्हणजे पदवी नव्हे. हाताला काम देणारा डिप्लोमा वाईट असतो असे नाही, पण परत येऊन लेक्चरर व्हावयाचे स्वप्न असेल तर तो उपयोगी पडणार नाही.

डॉक्टर होण्याची घाई

पालकांची सर्वाधिक ओढ वैद्यकीय शिक्षणाकडे असते. नीट परीक्षेत गुण थोडे कमी पडले की जॉर्जिया, किरगिझस्तान, रशिया, फिलिपाईन्स यांची नावे घरात घुमू लागतात. या वाटेने जाऊन चांगले डॉक्टर झालेली मुले आहेत. पण ही वाट अटींनी भरलेली आहे, आणि त्या अटी परदेशाने घातलेल्या नसून आपल्याच देशाने घातलेल्या आहेत.

२०१८ पासून परदेशी एम.बी.बी.एस.ला जाण्यापूर्वी नीट उत्तीर्ण असणे आवश्यक झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जे नियम केले त्यांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा, त्यानंतर त्याच विद्यापीठात किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप असावी, शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असावे, ती पदवी घेणाऱ्याला त्या देशातही डॉक्टर म्हणून व्यवसाय करण्याचा परवाना मिळण्यासारखा असावा, आणि सर्व शिक्षण दहा वर्षांच्या आत पुरे व्हावे. परत आल्यावर एफ.एम.जी.ई. ही परीक्षा आहे. ती ३०० गुणांची असून उत्तीर्ण होण्यास १५० गुण लागतात. त्यानंतर भारतात आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. एजंट केवळ फी व विमानाचे भाडे सांगतो. वरील एकेक अट त्याच्याकडून त्या विद्यापीठाच्या कागदावर दाखवून घ्यावी. एक जरी अट कमी पडली, तरी सहा वर्षांनी घरी येणारा मुलगा नावापुढे डॉक्टर लावू शकणार नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले व हजारो भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. तेव्हा अभ्यासक्रमाबरोबर देशाची शांतताही पाहावी लागते. २००८ पासून आपल्या आदिलाबादेतच रिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. नीटची एक वर्ष अधिक तयारी करून तेथे किंवा राज्यातील दुसऱ्या सरकारी महाविद्यालयात जागा मिळविणे, हे कित्येक मुलांच्या बाबतीत सहा वर्षांच्या परदेशवासापेक्षा शहाणपणाचे ठरेल.

विद्यापीठाचे नाव, पण वर्ग नाही

दुरून डोंगर साजरे, ही म्हण विद्यापीठांनाही लागू पडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ट्राय-व्हॅली नावाचे एक विद्यापीठ होते. जानेवारी २०११ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी त्यावर छापा घातला तेव्हा असे उघडकीस आले की, विद्यार्थ्यांची नावे नोंदून व्हिसाचे कागद देणे हाच त्याचा धंदा होता. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांत बहुसंख्य भारतीय होते आणि त्यांतही तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील मुलांचा भरणा मोठा होता. शेकडो विद्यार्थ्यांचा राहण्याचा पत्ता म्हणून एकच घर दाखविलेले होते. काही मुलांच्या पायांत पाळतीची यंत्रे बांधण्यात आली. संस्थाचालिकेला पुढे २०१४ साली सोळा वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा झाली.

त्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये मिशिगन राज्यातील फार्मिंग्टन विद्यापीठाचे प्रकरण झाले. हे विद्यापीठ तर अमेरिकन सरकारच्याच खात्याने गुप्तपणे उभे केलेला सापळा होता. आरंभी पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय निघाले, आणि त्यांत तेलंगण व आंध्रमधील पुष्कळ होते. सापळा लावणे न्याय्य होते की नाही यावर तेथे वाद झाला व प्रकरण न्यायालयातही गेले. परंतु पालकांनी त्यातून घेण्याचा धडा वेगळा आहे. ते नाव मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत दिसत होते, म्हणजे यादीतील नाव हा पुरेसा पुरावा नव्हे. तेथे नव्हते ते एकच : वर्ग. शिक्षक नाहीत, वेळापत्रक नाही, परीक्षा नाही, आणि तरीही फी घेऊन प्रवेश.

यावरून एक साधी कसोटी मिळते. अभ्यासक्रमात कोणते विषय आहेत, कोण प्राध्यापक ते शिकवितात, वर्ग आठवड्यातून किती तास भरतात, हे विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सापडले पाहिजे. तेथे एखाद्या प्राध्यापकाचा पत्ता घेऊन मुलाने स्वतः इंग्रजीत चार ओळी लिहून विचारावे. पहिल्याच दिवसापासून नोकरी करा, वर्गाला येण्याची गरज नाही, असे जो सांगतो तो शिक्षण विकीत नाही, हे पक्के समजावे.

पदवी घेऊन परत आल्यावर तिची मान्यता हाही प्रश्न आहे. परदेशी पदव्यांची समकक्षता ठरविण्याचे नवे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये केले. त्यांनुसार पदवी देणारी संस्था तिच्या देशात मान्यताप्राप्त असावी लागते, आणि दुसऱ्याच्या नावाने दुकान चालविणाऱ्या शाखांच्या पदव्या ग्राह्य धरल्या जात नाहीत. वैद्यक, कायदा, नर्सिंग अशा व्यवसायांना त्यांच्या त्यांच्या परिषदांचे नियम आहेत.

शिदोरीचा हिशेब

आधी शिदोरी, मग जेजुरी, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. शिष्यवृत्त्या आहेत, परंतु त्यासुद्धा अभ्यासक्रम पाहून मिळतात.

आपल्या तेलंगण राज्यात अल्पसंख्याक समाजांसाठी मुख्यमंत्री परदेशी शिष्यवृत्ती योजना २०१५ साली सुरू झाली. अनुसूचित जाती व जमातींसाठी आंबेडकर यांच्या नावाची आणि मागासवर्गीयांसाठी महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाची परदेशी विद्यानिधी योजना आहे. अल्पसंख्याकांच्या योजनेत वीस लाख रुपयांपर्यंत मदत व एकेरी विमानभाडे मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत, वय पस्तिसाच्या आत, पदवीला किमान ६० टक्के गुण, आणि इंग्रजीच्या व प्रवेशाच्या परीक्षांत ठरावीक गुण, अशा तिच्या मुख्य अटी आहेत. ही योजना पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासक्रमांसाठी आहे, तेही ठरावीक देशांत. इंटरमीडिएटनंतर जाणाऱ्या मुलाला तिचा उपयोग नाही. अर्जापूर्वी त्या वर्षाची सरकारी जाहिरात स्वतः वाचावी, आणि उत्पन्नाचा दाखला मी-सेवा केंद्रातून वेळेवर काढून ठेवावा.

या योजनेतील एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पैसा दोन हप्त्यांत मिळतो : पहिला, परदेशी पोहोचल्याचा कागद दाखविल्यावर, व दुसरा पहिल्या सत्राचा निकाल दाखविल्यावर. म्हणजे शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पहिली फी, व्हिसा व तेथील पहिले काही महिने यांची तजवीज घरच्यांनाच करावी लागते. या मधल्या काळासाठी कित्येक कुटुंबे सावकाराच्या दारी जातात.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना ती मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची निराळी योजना आहे. राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. त्या वर्षी ज्यांनी हे विषय मनाशी धरले होते, त्यांची पात्रता असूनही वाट बंद झाली. अभ्यासक्रमाच्या नावाला किती महत्त्व असते ते यावरून दिसेल. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावरील व्याज भरणारी केंद्राची 'पढो परदेस' योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिच्या भरवशावर कोणी कर्ज काढू नये.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट नांदेड जिल्ह्यात गेले व आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. तेव्हापासून सीमेच्या अलीकडची व पलीकडची भावंडे दोन राज्यांची झाली. भाषा एक, लग्नसंबंध एक, पण शिष्यवृत्त्या निराळ्या. पलीकडच्या नातेवाइकाला महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून आपल्याला मिळेल असे नाही. ज्या राज्याचा रहिवासी दाखला, त्या राज्याची योजना.

जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेला जे. एन. टाटा निधी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो. युरोपातील एरास्मुस मुंडुस अभ्यासक्रमात विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो व निवड झाल्यास त्याला दरमहा १,४०० युरो मिळतात. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते हे खरे. परंतु बाडेन-व्युर्टेम्बेर्ग प्रांतात परदेशी विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्यूनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४ पासून फी सुरू केली आहे. शिवाय व्हिसासाठी एका वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात. 'मोफत' या शब्दात एवढे सारे दडलेले असते.

आपल्यातील काही कुटुंबांना व्याजाचे कर्ज धर्मदृष्ट्या नको असते, तर काहींना बँक तारणावाचून दारात उभे करीत नाही. अडचण दोघांची एकच. दोघांनाही ज्याचा आधार वाटावा असे बिनव्याजी कर्ज, ज्याला आमच्यात कर्जे हसना म्हणतात, ते देणारी आपल्यासारखी संस्था गावात असणे ही मोठी गोष्ट होय.

आपल्या मातीचे विषय

आमच्या मुलांच्या याद्यांत संगणक व व्यवस्थापन या दोन विषयांपलीकडे सहसा काही नसते. त्या विषयांत गर्दी मोठी आणि नोकरीचे वारे दरवर्षी फिरणारे. परंतु आदिलाबादच्या मुलाजवळ जन्मतःच काही विषयांची ओळख असते, तिचा उपयोग तो करून घेत नाही. कापूस घ्या. अमेरिकेतील लबक हे शहर कापसाच्या पट्ट्यातच वसले आहे व तेथील टेक्सास टेक विद्यापीठात कापसाच्या धाग्यावर संशोधन चालते. इंग्लंडातील लीड्स विद्यापीठ वस्त्रविद्येसाठी व नेदरलँड्समधील वागेनिंगेन विद्यापीठ शेतीशास्त्रासाठी प्रसिद्ध आहे. जंगल घ्या. आपल्या सागवानी रानाच्या कडेला वाढलेल्या मुलाला ड्रेस्डेन विद्यापीठाच्या थारांट येथील वनशास्त्र शाखेत उष्ण प्रदेशांतील वनांचा अभ्यास इंग्रजीतून करता येतो.

भाषा व समाज यांचे तर सांगावयासच नको. व्हिएन्नाचे पंडित क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे १९४० नंतर तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाईला येऊन राहिले, गोंडांची भाषा व रीतिरिवाज त्यांनी अभ्यासिले, त्यांच्या मुलांसाठी शिक्षणाची योजना आखली. पुढे ते लंडनच्या पौर्वात्य व आफ्रिकी अभ्यास संस्थेत प्राध्यापक झाले, आणि आदिलाबादविषयी त्यांनी जमविलेली छायाचित्रे व कागदपत्रे आज लंडनमध्ये आहेत. परदेशचा विद्वान आमच्या खेड्यात येऊन मोठा अभ्यास करतो. मग मराठी, गोंडी, उर्दू, तेलुगू कानावर घेत वाढलेल्या आमच्या मुलामुलींनी मानववंशशास्त्र व भाषाशास्त्र या विषयांचा विचार का करू नये?

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते, ती अनाठायी नाही. पण तिला औषध आहे. इंटरमीडिएटच्या पहिल्या वर्षापासून रोज अर्धा तास इंग्रजी वृत्तपत्र मोठ्याने वाचावे व एक पान लिहावे. चार वर्षांच्या या सवयीपुढे दोन महिन्यांचा महागडा क्लास फिका पडतो.

पाच प्रश्न

एवढ्या विवेचनाचे सार पाच प्रश्नांत सांगता येते. पालकांनी ते कागदावर लिहून त्यांची उत्तरे मुलाकडूनच घ्यावीत, एजंटाकडून नव्हे.

१. पदवीचे पूर्ण नाव काय, आणि ती पदवी आहे की डिप्लोमा?
२. तिला किती वर्षे व किती क्रेडिटे लागतात, आणि माझे आजवरचे शिक्षण प्रवेशास पुरते काय?
३. ती कोण शिकवितो, कोठे, आणि वर्ग भरतात काय?
४. परत आल्यावर तिला भारतात कोणाची मान्यता लागते?
५. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकूण खर्च किती, आणि मध्येच पैसा थांबला तर काय करावयाचे?

जो मुलगा किंवा मुलगी या पाचही प्रश्नांची उत्तरे स्वतः शोधून आणते, तिची निम्मी तयारी झाली असे समजावे. मुलगी हा शब्द मुद्दाम घातला आहे. सरोजिनी १८९५ साली गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आजच्या आमच्या मुलींना उत्तर देताना "तू मुलगी आहेस" हे सहावे कारण कोणी जोडू नये.

ट्रस्टच्या चालकांना या निमित्ताने दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, परदेशी शिक्षणाच्या मदतीच्या अर्जात हे पाच प्रश्न छापावेत आणि उत्तरांशिवाय अर्ज घेऊ नये. दुसरी, मोठी रक्कम थोड्यांना देण्याबरोबरच, सरकारी शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पहिल्या हप्त्यापर्यंत अडणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या काही महिन्यांपुरते बिनव्याजी कर्ज द्यावे. हप्ता आला की रक्कम परत येईल व पुढच्याच्या उपयोगी पडेल. त्याच पैशाने एकाऐवजी पाच घरे सावकाराच्या दारापासून वाचतील.

पूर्वी ज्यांनी हा ट्रस्ट स्थापिला त्यांनी आपल्या मुलांच्या हाती पाटी यावी एवढीच इच्छा धरली असेल. आज त्यांची नातवंडे सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठांची नावे घेत आहेत. ही नावे घेताना त्यांनी अभ्यासक्रमाचे पान उघडून पाहावे, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्या शेजारी बसून ते वाचावे, एवढीच विनंती करून व ट्रस्टच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.